आठशेत तेराशे

मराठवाड्यात जुनी गाडी घेतलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कितीत बसली?" या प्रश्नाचं उत्तर ज्याला अजून देता आलेलं नाही, तो प्रोजेक्टराव. नाव मी ठेवलेलं आहे. नांदेडच्या तरोडा नाक्यापासून लातूरच्या औसा रोडपर्यंत दर दोन-तीन गल्ल्यांआड हा माणूस सापडतो. एकाचं खरं नाव घेतलं तर बाकीचे रुसायचे. दारात ताडपत्रीखाली एक मारुती 800, ताडपत्री उडू नये म्हणून वर दोन विटा, आणि गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय. पाय त्याचे. "प्रोजेक्ट चालू आहे" असं तो म्हणाला की गाडी बंद आहे असं समजावं.

वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे. पोटापाण्याला कृषी सेवा केंद्र, नाहीतर मोबाइलचं दुकान. लातूरचा असेल तर नीटच्या एखाद्या क्लासमध्ये फिजिक्स. घर्षणाचा धडा तो फार जीव तोडून शिकवतो, मुलांना वाटतं सर अभ्यासू आहेत. लग्नात हळद लागली तेव्हा अख्खं अंग पिवळं झालं, नखं तेवढी काळीच राहिली. आहेराच्या पाकिटांतून गिअरबॉक्स आला ही गोष्ट बायकोला अजून माहीत नाही. सासऱ्यांना माहीत आहे, कारण तो आणायला टेम्पो त्यांचाच गेला होता.

दुसऱ्याच्या लग्नात तो मांडवात कमी आणि पार्किंगमध्ये जास्त असतो. नवरा-नवरीला अक्षता पडत असतात आणि हा पाहुण्यांच्या गाड्यांखाली वाकून बघत असतो. ओळख करून द्यायला जावं तर "नमस्कार" म्हणायच्या आधी विचारतो, "कार्बोरेटर का एमपीएफआय?"

आता गाडीत दुसऱ्याच गाडीचं इंजिन घालणं ही काही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. पेट्रोलच्या जुन्या जीपगाड्यांनी डिझेलची इंजिनं कधीच पोटात घेतली होती, ॲम्बेसिडरला डिझेल बसवून देणारे मिस्त्री होते, आणि त्या गाड्यांनी आमच्या भागातल्या वराती, बाळंतिणी आणि निवडणुका सगळं वाहिलं. पण ते सगळं ॲव्हरेजपायी. बापाने इंजिन बदललं ते लिटरमागे चार किलोमीटर वाढावेत म्हणून. पोराने बदललं आणि सहा किलोमीटर कमी झाले, तर पेढे वाटले. मिस्त्री दोघांचा एकच. त्याला दोघेही पटतात, कारण मजुरी दोघांनीही उधारच ठेवलेली आहे.

प्रोजेक्टरावला मात्र हा वारसा मंजूर नाही. त्याची परंपरा थेट कॅलिफोर्नियातून येते. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकन पोरांनी जुन्या फोर्डच्या सांगाड्यात मोठी व्ही-एट इंजिनं घालून, छत कापून, गाड्या जमिनीला टेकवून पळवल्या, हे तो असं सांगतो की ती पोरं वजिराबादला राहत होती असं वाटावं. जपानातली मंडळी गाड्या इतक्या खाली आणतात की रस्त्यावरची सिगारेट चिरडली जाईल, हेही त्याच्याकडूनच कळलं. त्याच्या बापाने हे ऐकून एवढंच विचारलं, "तिकडं रानात कसं जात्यात मग?"

गाडी म्हणून मारुती 800 च का, याचं उत्तर सोपं आहे : परवडते. 1983 च्या डिसेंबरात ही गाडी आली तेव्हा पन्नास हजारांच्या आत नवीकोरी मिळायची. तीन सिलिंडर, 796 सीसी, कशीबशी 37 हॉर्सपॉवर आणि वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. 2014 च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज जी हाती लागते ती कुणीतरी दुसऱ्याने वापरून, तिसऱ्याने शिकाऊ म्हणून आपटून आणि चौथ्याने झाडाखाली सोडून दिलेली. तिच्यात घालायचं इंजिन मात्र एस्टीमचं. एस्टीम 1994 ची. 1298 सीसी, चार सिलिंडर. सुरुवातीला 65 हॉर्सपॉवर, 1999 नंतरच्या एमपीएफआयला, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या इंजिनाला, 85. दोन्ही सुझुकीच्याच पोटच्या. प्रोजेक्टरावचा हिशोब सरळ आहे : साडेसहाशे किलोच्या अंगात 85 घोडे. यापुढे त्याला काही ऐकू येत नाही.

मग सोयरीक जमते. मुलगी नांदेडची, एमएच-26. मुलगा लातूरचा, एमएच-24, बार्शी रोडकडच्या एका भंगारवाल्याच्या अंगणात ठोकलेल्या एस्टीममध्ये पडून. मध्यस्थ म्हणतात तशीच वर्णनं : "एका हाताचं आहे, डॉक्टरची गाडी होती, कधी तापली नाही." बघायला चौघं जातात. इंजिन तिथे चालू करून दाखवता येत नाही, कारण बॅटरी नाही. फक्त पाना लावून फिरवून दाखवतात, आणि फिरलं म्हणजे स्वभावाने चांगलं आहे असं ठरतं. विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, या वादावरून दोन्ही शहरांत मोर्चे निघाले, बंद झाले. आज ती दोन शहरं एकाच बोनेटखाली नांदताना बघायची असतील तर प्रोजेक्टरावकडे जावं. नांदतात असं म्हणणं जरा धाडसाचं आहे, पण आहेत एकत्र.

सोयरीक झाली की खरी लफडी सुरू होतात. तीन सिलिंडरच्या जागेत चार सिलिंडरचं इंजिन आडवं घालायचं, म्हणजे तीन जणांच्या बाकड्यावर चौथ्याला "जरा सरका" म्हणायचं. बॅटरी उठून डिकीत जाते. रेडिएटर लहान पडतो, मोठा बसत नाही. जुनी फाउंडेशनं कापून नवी वेल्ड करावी लागतात, आणि ती अर्धा इंच जरी चुकली तरी एक्सल सरळ रेषेत येत नाही. एक्सल ही तर स्वतंत्र कथा आहे : गिअरबॉक्सकडचं टोक एस्टीमचं हवं, चाकाकडचं आठशेचं हवं, आणि असा एक्सल जगातल्या कुठल्याही कारखान्यात बनत नाही. तो लेथवाल्याकडे बनतो. दोन एक्सल मधोमध कापून, एकाचा उजवा तुकडा आणि दुसऱ्याचा डावा तुकडा स्लीव्ह घालून जोडतात. लेथवाला काम देताना शपथ घालतो की रेस करायची नाही. प्रोजेक्टराव शपथ घेतो.

मिस्त्रीने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की कार्बोरेटरवालं इंजिन घे, वायरिंगच्या नादी लागू नको. याने वीस हॉर्सपॉवर जास्त म्हणून एमपीएफआय घेतलं. त्याचं वायरिंग डीएपीच्या रिकाम्या पोत्यात भरून आलं, आणि त्या पोत्यात सगळं होतं, फक्त ईसीएम नव्हतं. बिनमेंदूचं इंजिन तीन महिने कॉटखाली झोपलं. शेवटी मेंदू मिळाला, फाउंडेशन बसलं, चेन-कप्पीला टांगलेलं इंजिन सावकाश खाली उतरलं, गल्लीतली पोरं टाळ्या वाजवून मोकळी झाली. मिस्त्रीने हात पुसले आणि आपल्या दखनीत निकाल दिला : "इंजन तो बैठ गया भाई. अब बोनट नै बैठरा."

पैशाचं सांगतो. प्रोजेक्टरावचं बजेट पन्नास हजार होतं आणि आजही पन्नास हजारच आहे. त्याच्यासारखा बजेट पाळणारा माणूस अर्थमंत्रालयातही नसेल. वाढतात त्या फक्त बजेटात न धरायच्या गोष्टी. लातूरच्या चकरांचं पेट्रोल धरायचं नाही, कारण लातूरला त्याची आत्या राहते. चहा-नाश्ता धरायचा नाही. एकदा चुकीचं आणलेलं सामान धरायचं नाही, कारण ते परत विकायचं आहे. ते विकलं जात नाही, पण विकायचं आहे. रंगकाम "सणासाठी" आहे. अलॉय व्हील बायकोच्या वाढदिवसाचे आहेत. आईने एकदा शांतपणे विचारलं, "बाबा, त्या गाडीला किती घालायलास रे?" तर म्हणाला, "माय, घालायलाव कुठं, वाचवायलाव. नवी घेतली असती तर सहा लाख गेले असते." या हिशोबाने त्याने आतापर्यंत जेवढे पैसे वाचवलेत तेवढ्यात लोह्याला प्लॉट आला असता.

प्रोजेक्टचा वेग मात्र त्याच्या हातात नाही. तो लातूरच्या मोंढ्यात ठरतो. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी सोयाबीन असतं. 2021 च्या ऑगस्टात लातूर बाजारात सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेलं, त्याच हंगामात एस्टीमचं इंजिन आलं, आणि अलॉयची ऑर्डरही तेव्हाच गेली. मग भाव उतरत गेले. 2024 च्या हंगामात हमीभाव 4892 रुपये आणि बाजार त्याच्याही खाली, तेव्हा अख्खं वर्ष गाडीला फक्त प्रायमर होता. करड्या रंगाची गाडी बघून लोक विचारायचे, "हाच रंग का?" हा म्हणायचा, "मॅट फिनिश आहे." इतर भागांत लोक पाऊसमान बघून पिकाचा अंदाज बांधतात; त्याच्या गल्लीतले लोक गाडीचा रंग बघून बाजारभावाचा अंदाज बांधतात.

इंजिन बसलं की पुढचा विधी गाडी खाली घेण्याचा. याचंही शास्त्र आहे. बाहेरच्या देशांत त्यासाठी कमी उंचीच्या स्प्रिंगा विकत मिळतात. आपल्याकडे ग्राइंडर मिळतो. पुढच्या शॉकअपच्या स्प्रिंगा काढायच्या, शिशाच्या पेन्सिलीने खूण करायची आणि एक वेढा कापायचा. गॅसकटर चालत नाही. तापलं की स्प्रिंगचं पाणी उतरतं आणि ती लाडू खाऊन बसलेल्या जावयासारखी बसूनच राहते. वेढा कापला की स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, कडकही होते; वेढे जितके कमी तितकी ती कमी दबते. म्हणजे गाडी खाली येते आणि बसणाऱ्याचा मणका वर. शॉकअप पहिल्याच खड्ड्यात तळाला आपटतो. एक वेढा कापून झाल्यावर शहाणा माणूस थांबतो. प्रोजेक्टराव दहा पावलं मागे जातो, एक डोळा मिटतो, चाक आणि मडगार्ड यांच्यात बोटं घालून बघतो. "तीन बोटं जातात अजून," म्हणतो आणि ग्राइंडर परत चालू करतो.

जमिनीपासूनची उंची मोजायची त्याची पद्धत मी जवळून पाहिली आहे. टेप वापरत नाही. पाण्याची एक लिटरची बाटली आडवी करून गाडीखाली सरकवतो. गेली. मग तीच बाटली उलट बाजूने, चेंबरच्या खालून. तिथे अडकते, प्लास्टिकचा करकर आवाज येतो. त्या आवाजावर त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते मी लोकांच्या चेहऱ्यावर सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमधून उठतानाच पाहिलं आहे.

कंपनीने या गाडीला सोळा-सतरा सेंटिमीटर उंची दिली होती, ती उगाच दिली नव्हती. इंडियन रोड्स काँग्रेसचं गतिरोधकाचं माप आहे : उंची 10 सेंटिमीटर, रुंदी 3.7 मीटर, 17 मीटर त्रिज्येचा हलका उंचवटा. असा गतिरोधक आपल्या गावांत कुणी पाहिला असेल तर कळवावं. आपल्याकडचा गतिरोधक उत्स्फूर्त असतो. काल शेळी मेली, आज मुरूम पडला. त्याची रुंदी एका फावड्याची, उंची गावच्या रागाएवढी. तो ओलांडण्याची प्रोजेक्टरावची रीत अशी : आधी गाडी थांबवायची, सगळ्यांना उतरवायचं, मग गाडी तिरपी करून एकेक चाक वर चढवायचं. बायको साडी सावरत पलीकडे जाऊन उभी राहते आणि हातवारे करून सांगते, "या... या... या... लागलं!" मागे ट्रॅक्टर, टमटम, एसटी. एसटीचा ड्रायव्हर काही बोलत नाही, नुसता हॉर्नवर कोपर ठेवून बसतो. नांदेड-लातूर महामार्ग, 361 क्रमांकाचा, तसा रुंद आणि गुळगुळीत झाला आहे. लोहा, अहमदपूर, चाकूर करत माणूस भराभर जातो. पण माणसाचं घर महामार्गावर नसतं. घर आतल्या रस्त्याला असतं, आणि प्रोजेक्टरावचा सगळा प्रवास महामार्ग ते घर या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर अडलेला असतो.

कायद्याचा विषय काढला की तो चहा मागवतो. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम त्याला तोंडपाठ आहे. कंपनीने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या गोष्टींना छेद जाईल असा बदल करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची आगाऊ परवानगी लागते. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. "प्रत्येक बदलाला" हे शब्द वाचून तो एकदा कागद-पेन घेऊन आपले बदल मोजायला बसला. अकराव्यावर थांबला. म्हणाला, "पंचावन्न हजार झाले. बजेटच्या वर चाललं." तेव्हापासून गाडी शहरात दिवसा निघत नाही.

याच मुद्द्यावर त्याला सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांचा दाखला द्यायला आवडतो. देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या या फॅब्रिकेशनवाल्या माणसाने पोरासाठी भंगारातून एक छोटी जीप बनवली, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी. खर्च साठेक हजार. 2021 च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी जाहीर केलं की नियमांत बसत नसल्याने ही गाडी आज ना उद्या अडवली जाईल, पण ती आम्हाला द्या आणि बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारी 2022 मध्ये बोलेरो मिळालीही. हे सांगताना प्रोजेक्टरावचा आवाज कापरा होतो. मी एकदा म्हणालो, तुम्हीही व्हिडिओ टाका की, मारुतीवाले बघतील. त्याने जरा विचार केला. "नको दादा. ते बदल्यात नवीन गाडी देतील. तिला काय करायचं असतं? काहीच नाही." तिथे मला पहिल्यांदा समजलं की या माणसाला गाडी नकोच आहे. त्याला काम हवं आहे, ज्याची पावती घरात दाखवता येत नाही असं.

तरीही एकदा गाडी चालली. खोटं कशाला बोलू, मी शेजारच्या सीटवर होतो. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेचे दिवस होते, लोह्यापासून पुढे रस्ता रात्री मोकळा मिळाला. तिसऱ्या गिअरला त्याने पाय दाबला आणि त्या पत्र्याच्या डब्याने जी उडी घेतली तिची मला कल्पनाच नव्हती. सीटला पाठ चिकटली, डिकीतली बॅटरी सरकली, डॅशबोर्डवरचा गणपती मागे झुकला. एक काळी एसयूव्ही, जिच्या मागच्या काचेवर आडनाव लिहिलेलं होतं, आमच्या डावीकडून मागे मागे गेली. तिच्या ड्रायव्हरने वाकून बघितलं. वाकल्याशिवाय आम्ही दिसलोच नसतो. प्रोजेक्टराव काही बोलला नाही, नुसता हसत होता, आणि त्याचं अख्खं तोंड मीटरच्या उजेडात हिरवं दिसत होतं. मग टेंपरेचरचा काटा चढायला लागला. माळेगावला थांबलो. बोनेट उघडून वाफ सोडत होतो तेव्हा घोड्यांच्या बाजारातला एक म्हातारा व्यापारी कंदील-टॉर्च घेऊन आला. त्याने चाकं बघितली, खाली वाकला, इंजिनचा आवाज कान देऊन ऐकला आणि म्हणाला, "आंग शिंगराचं, आवाज अबलख घोड्याचा. दात दाखवा बघू." मीटर दाखवलं. मीटर चालत नव्हतं. "मग वय कसं कळायचं?" म्हणून तो निघून गेला.

परतीचा प्रवास टोचन करून झाला. अहमदपूरच्या अलीकडून ट्रॅक्टर मिळाला. उजवा एक्सल स्लीव्हवर तुटला होता. लेथवाल्याने शपथेचा विषय काढला नाही, हे त्याचं मोठेपण.

घरात त्याच्याबद्दल कुणाला फारसा राग नाही, याचं मला नेहमी नवल वाटत आलं आहे. दारू नाही, पत्ते नाहीत, निवडणुकीला उभा राहत नाही. दवाखान्यात जायची वेळ आली की बायको रिक्षा बोलावते, माहेरी जायला एसटी आहेच. गल्लीतल्या सगळ्या स्कूटरींचे क्लच-केबल, मिक्सरचे ब्रश, पिठाच्या गिरणीचा पट्टा, सगळं तो विनापैशाचं बसवून देतो. रात्री अकराला कुणाची गाडी बंद पडली तर लोक मिस्त्रीला नाही, याला उठवतात, आणि हा पाच मिनिटांत पाना घेऊन हजर. सगळ्यांच्या गाड्या चालू आहेत त्या याच्यामुळे. माझ्या मते एवढ्या कारणावर त्याला त्याची एक गाडी बंद ठेवायचा हक्क आहे.

तर विनंती अशी. सध्या त्याला एस्टीमच्या उजव्या बाजूचा एक्सल हवा आहे, गिअरबॉक्सकडचं टोक शाबूत असलेला. नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर, कुठेही कुणाच्या गोठ्यामागे, माडीखाली, चिंचेखाली जुनी एस्टीम पडलेली असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एक फोन करा. पैसे रोख मिळतील, घासाघीस होणार नाही. फक्त पावतीवर आकडा निम्माच लिहा. घरी दाखवायची असते.